चेंडू पडला तिथून

दिवाळीच्या सुमारास इटियाडोह धरणाखालच्या गावांत धानाची कापणी सुरू होते. हलके धान आधी निघते, भारी धान मागून. त्यामुळे काही दिवस एक बांधी मोकळी आणि शेजारची उभी असे चित्र असते. या मोकळ्या बांध्यांत आम्ही विटीदांडू खेळायचो. मैदान म्हणावे असे तिथे काही नव्हते. कापलेल्या धानाची खुंटे, बैलांच्या खुरांचे ठसे, उंदरांची बिळे, मध्येच आडवा आलेला धुरा आणि सखल कोपऱ्यात साचलेले पाणी. विटी उभ्या धानात गेली तर काय, पाण्यात पडली तर काय, चरणाऱ्या गुराला लागून थांबली तर काय, या प्रत्येक प्रश्नाला आमच्याकडे उत्तर होते. ते कोणी लिहिले नव्हते आणि कोणी शिकवलेही नव्हते. मोठी पोरे जसे खेळत तसे धाकटी खेळत.

पुढे बऱ्याच वर्षांनी गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम माझ्या वाचनात आले आणि मी चकित झालो. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा, गालिच्यासारख्या हिरवळीवरचा खेळ, अशी माझी समजूत होती. त्या जुन्या कागदावर मात्र पाणी, चिखल, दगड, हाडे, घोडे, कुत्री आणि चर होते. म्हणजे आमची बांधीच. गोल्फच्या नियमांचा इतिहास त्या दिवसापासून मी जमेल तसा वाचत आलो. हा लेख त्या वाचनाचा आहे. विटीदांडूच्या एका जुन्या डावाचा हिशेबही त्यात आहे. तो शेवटी देईन.

लीथचे तेरा नियम

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराला लागून लीथ नावाचे बंदर आहे. तिथल्या समुद्रकाठच्या मोकळ्या माळावर गोल्फ खेळला जाई. १७४४ साली एडिंबरा नगरपालिकेने या खेळासाठी चांदीची काठी बक्षीस लावली. स्पर्धा खुली होती, म्हणजे एकमेकांना न ओळखणारे लोक समोरासमोर येणार होते. ओळखीच्या चौघांना लेखी नियम लागत नाहीत, अनोळखी माणसांना लागतात. म्हणून त्या खेळाडूंनी तेरा कलमे लिहून काढली. जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने ती स्पर्धा जिंकली आणि नियमांखाली सहीही त्याचीच आहे. पुढच्याच वर्षी हा रॅट्रे स्ट्युअर्ट घराण्याच्या बंडात सामील झाला आणि कलोडनच्या पराभवानंतर कैदेत पडला. डंकन फोर्ब्स या न्यायाधीशाने रदबदली केल्यामुळे तो सुटला. दोघे गोल्फमधले जुने सोबती होते.

ती तेरा कलमे एका पानात मावतात. चेंडू बदलायचा नाही. चेंडू मारणे सोपे व्हावे म्हणून वाटेतले दगड किंवा हाडे काढायची नाहीत. सवलत फक्त साफ हिरवळीवर आणि तीही चेंडूपासून काठीभर अंतरात. चेंडू पाण्यात किंवा पाणथळ घाणीत गेला तर बाहेर काढून अडथळ्याच्या मागे ठेवायचा आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यायचा. चेंडू हरवला तर जिथून मारला होता तिथे परत जायचे, दुसरा चेंडू टाकायचा आणि पुन्हा एक फटका द्यायचा. माणूस, घोडा, कुत्रा किंवा आणखी कशानेही चेंडू अडला तर तो थांबला तिथूनच खेळायचा. ज्याचा चेंडू भोकापासून सर्वांत लांब, त्याने आधी मारायचे. शेवटच्या कलमात माळाच्या रक्षणासाठी खणलेले चर आणि सैनिकांच्या रांगा यांचा उल्लेख आहे. तिथे चेंडू गेला तर तो अडथळा मानायचा नाही, उचलून बाहेर खेळायचा.

या कलमांत अंतर मोजायचे माप आहे काठी. एका भोकातून चेंडू निघाला की पुढचा खेळ त्या भोकापासून एका काठीच्या आत सुरू करायचा. आजही गोल्फमध्ये सवलतीचे अंतर एक काठी, दोन काठ्या असेच मोजतात. आमचे माप दांडू होते. विटी जिथे पडे तिथपासून गलीपर्यंत दांडूने मोजायचे: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झकू. हे शब्द तेलुगू आकड्यांच्या जवळचे आहेत हे मला फार उशिरा कळले. आमचा मुलूख तेलंगणापासून फार लांब नाही, पण हीच मोजणी पार कोकणापर्यंत चालते. खेळाच्या हत्यारानेच खेळाचे अंतर मोजायचे ही युक्ती लीथच्या माळावर आणि गाढवी नदीच्या काठावर वेगवेगळी सुचलेली दिसते. दोन्हीकडे कारण एकच असावे. भांडण झाले की टेप आणायला घरी कोण जाणार?

नियम कसे बदलत गेले

सेंट अँड्र्यूज या गावाच्या खेळाडूंनी १७५४ मध्ये जवळजवळ हेच नियम स्वीकारले. १८३४ मध्ये चौथ्या विल्यम राजाने त्यांच्या क्लबला ‘रॉयल अँड एन्शंट’ हे नाव दिले. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत प्रत्येक क्लबचे नियम थोडे निराळे असत. १८९७ मध्ये सेंट अँड्र्यूजने नियमांची समिती नेमली आणि १८९९ मध्ये तिची पहिली संहिता निघाली. अमेरिकेत १८९४ पासून वेगळी संघटना होती. दोघांची एकच संहिता व्हायला १९५२ साल उजाडले. त्याच वेळी ‘स्टायमी’ गेला. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू आपल्या आणि भोकाच्या मधोमध आला तर तो उचलायला न लावता वळसा घालून किंवा वरून मारायचा, याला स्टायमी म्हणत.

सर्वांत मोठी फेररचना २०१९ ची. मैदानावर रोज घडणारे प्रसंग घेतले तर २७५ वर्षांत काय टिकले आणि काय बदलले ते नेमके दिसते.

पाण्याचा नियम जवळजवळ जसाच्या तसा आहे. पिवळ्या किंवा लाल खुंट्यांनी आखलेल्या भागात चेंडू गेला आणि तिथून मारता येत असेल तर बिनदंड मारावा. नसेल तर एक फटक्याचा दंड घेऊन मागच्या रेषेवर टाकावा, किंवा आधीच्या जागी परत जावे. लाल खुंट्या असतील तर चेंडू जिथून आत शिरला तिथून दोन काठ्यांच्या आत बाजूला टाकण्याची जास्तीची मुभा आहे. पावसाने तात्पुरते साचलेले पाणी निराळे. त्यात चेंडू पडला किंवा उभे राहताना पाय त्यात आले तर दंड नाही. पाणी टळेल अशी सर्वांत जवळची जागा पाहायची, तिथून एका काठीच्या आत चेंडू टाकायचा, पण भोकाच्या जवळ जायचे नाही. तळ्याकाठी खेळणाऱ्याला तळे दिसत असते, म्हणून त्याने त्याची किंमत द्यावी. रात्रीच्या पावसाचा दोष मात्र त्याच्या माथी मारू नये.

हरवलेल्या चेंडूचा नियमही १७४४ चाच आहे. मधल्या काळात तो सौम्य करून पाहिला, पण पुन्हा मूळ पदावर आला. बदलली ती शोधण्याची मुदत: पूर्वी पाच मिनिटे, २०१९ पासून तीन. चेंडू हरवेल अशी शंका आली तर पुढे जाण्याआधी ‘तात्पुरता चेंडू’ असे बोलून दुसरा मारून ठेवता येतो. बोलणे आवश्यक आहे. न बोलता मारला तर तोच खरा चेंडू ठरतो आणि पहिला नंतर सापडला तरी उपयोग नसतो.

जनावरांचा नियम मात्र फिरला. धावता चेंडू कुत्र्याला लागला तर आजही तो थांबेल तिथूनच खेळायचा. पण थांबलेला चेंडू कुत्र्याने किंवा कावळ्याने उचलून नेला तर दुसरा चेंडू मूळ जागी ठेवायचा, दंड नाही. जनावराने उकरलेल्या बिळात चेंडू गेला तर सवलत मिळते, खुराच्या ठशात गेला तर मिळत नाही. भोकाभोवतालच्या हिरवळीवर मात्र खुराचे ठसे दुरुस्त करता येतात.

चेंडू हाताने टाकण्याची रीत तर बघण्यासारखी आहे. १९८४ पूर्वी खांद्यावरून मागे टाकत, म्हणजे कुठे पडतो ते टाकणाऱ्याला दिसू नये. मग हात खांद्याच्या उंचीवर ताठ धरून टाकू लागले. २०१९ पासून गुडघ्याच्या उंचीवरून टाकतात. आधी नियमाचा माणसावर विश्वास नव्हता आणि दैवावर होता. आता टाकण्याची उंची कमी केली, जागा काठीने आखून दिली आणि दैवाचा वाटा घटवला. चेंडू शोधताना चुकून पाय लागून हलला तर २०१९ पासून दंड नाही, परत ठेवायचा. हेतू आणि अपघात यांत भेद करायला खेळाला पावणेतीनशे वर्षे लागली.

या सगळ्याच्या मुळाशी तीन वाक्ये आहेत. चेंडू पडला तिथून खेळा. मैदान जसे असेल तसे खेळा. आणि यांपैकी काहीच करता येत नसेल तर न्याय्य वाटेल ते करा. बाकीची सगळी पाने ‘न्याय्य’ म्हणजे काय याच्या तपशिलाची आहेत.

आगेवाला

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ मधला. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. चेंबूरचे मैदान १९२७ चे. कलकत्त्याच्या मैदानात तलाव इतके की तिथला गोल्फ तलावांवरूनच ओळखला जातो. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला तिथे परके वाटू नये. कोरड्या मुलखात हिरवळ जगत नसे. तिथे भोकाभोवती तेल मिसळलेली वाळू पसरत. त्याला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ म्हणत. जमीन बदलली की नियमाला मुरड घालावी लागते, आणि गोल्फने त्यासाठी स्थानिक नियमांची तरतूद ठेवली आहे. १९४० मध्ये लंडनजवळच्या रिचमंड क्लबने बॉम्बवर्षावाच्या दिवसांत असे स्थानिक नियम काढले होते. फटका मारताना नेमका बॉम्ब फुटला तर पुन्हा मारायची मुभा होती, पण एक फटका दंड भरून. शत्रूच्या बॉम्बनेही फटका फुकट मिळू नये, हा स्कॉटिश काटेकोरपणा त्यात पुरता उतरला आहे.

हिंदुस्थानातल्या गोल्फने या खेळाला एक माणूस दिला, त्याचे नाव आगेवाला. काठ्यांची पिशवी वाहणारा तो कॅडी. आगेवाला पुढे जाऊन उभा राहतो, चेंडू कुठे पडतो ते पाहतो आणि हाताने खूण करतो. उंच गवत, झुडपे आणि कावळे असलेल्या मैदानात त्याच्याशिवाय निम्मे चेंडू हरवले असते. पुण्यात नोकरीला असताना अशा एका म्हाताऱ्या माणसाशी माझी ओळख झाली. लहानपणापासून त्याने हे काम केले होते. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हते, पण नियम पाठ होते. तो म्हणाला, “साहेब लांबून चेंडू मारतो. तो कुठं पडला ते आधी मला दिसतं, मग साहेबाला.”

मी त्या वाक्याशी बराच काळ अडलो. चेंडू पडला तिथून खेळायचा हा खेळाचा पाया. पण चेंडू कुठे पडला हे पहिल्यांदा पाहतो तो आगेवाला, आणि त्या क्षणी तिथे दुसरे कोणी नसते. पायाच्या बोटांत चेंडू धरून, खाली न वाकता, चालता चालता तो चांगल्या जागी नेऊन ठेवणाऱ्या आगेवाल्यांच्या गोष्टी गोल्फवाल्यांत गमतीने सांगतात. मी म्हाताऱ्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, “पैज लावणारे तेच, आणि चोर आम्ही.” नियमही येथे आगेवाल्यापाशी थांबत नाही. कॅडीने केलेल्या चुकीचा दंड खेळाडूला बसतो. ज्याचा डाव त्याची जबाबदारी.

अशी माणसे खेळाच्या सर्वांत आत होती आणि क्लबच्या बाहेर. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर असताना (१९१३ ते १९१८) भारतीय आणि युरोपीय दोघांनाही सभासदत्व देणारा क्लब काढावा लागला, यावरून आधीची स्थिती कळते. आणि तोही प्रतिष्ठितांसाठीच होता. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरात सेवसंकर ‘पापवा’ सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी स्वतःच्या उलट्या पकडीने खेळत मोठा खेळाडू झाला. १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये त्याने डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये त्याने नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत घेतले नाही. बक्षीस बाहेर, पावसात देण्यात आले. मैदानावर त्याच्या चेंडूला सर्वांसारखेच नियम होते. साचलेल्या पाण्यातून चेंडूला बिनदंड सुटका होती, चेंडू मारणाऱ्याला नव्हती.

पंच नसलेला खेळ

लीथला प्रतिस्पर्धी समोर असे. ज्याचा तोटा होणार तोच पाहत असे. १७५९ मध्ये सेंट अँड्र्यूजने ठरवले की चांदीच्या काठीसाठी सर्वांत कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणारा जिंकेल. त्या क्षणी प्रतिस्पर्धी दृष्टीआड गेला. माझे फटके मोजणारा माणूस मैलभर दूर असलेल्या शंभर जणांच्या वतीने पाहतो, आणि झुडपाआड तोही पाहू शकत नाही. तिथे उरतो तो खेळाडू स्वतः.

१९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत वुस्टरच्या मैदानावर बॉबी जोन्सचा चेंडू उंच गवतात होता. तो मारायला उभा राहिला आणि चेंडू किंचित हलला. पाहिले कोणीच नाही. त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला. चार फेऱ्यांनंतर तो विली मॅकफार्लेनबरोबर बरोबरीत राहिला आणि निर्णायक फेरीत एका फटक्याने हरला. लोकांनी कौतुक केले तेव्हा तो म्हणाला की हे म्हणजे बँक लुटली नाही म्हणून शाबासकी देण्यासारखे आहे.

दुसरा प्रसंग १४ एप्रिल १९६८ चा. अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सोचा तो पंचेचाळिसावा वाढदिवस होता. मास्टर्सच्या शेवटच्या फेरीत सतराव्या भोकावर त्याने तीन फटके घेतले; गुण लिहिणाऱ्या सोबत्याने चार लिहिले. दे विसेन्सोने न पाहता सही केली. ६५ चे ६६ झाले. प्रत्यक्षापेक्षा जास्त आकड्यावर सही केली तर तोच आकडा कायम, असा नियम आहे. तो एका फटक्याने मागे पडला आणि जेतेपद बॉब गोल्बीला मिळाले. हजारो लोकांनी तीन फटके पाहिले होते. त्याने दोष स्वतःच्या मूर्खपणाला दिला, सोबत्याला नाही.

२०१७ मध्ये याचे दुसरे टोक दिसले. लेक्सी थॉम्पसनने आदल्या दिवशी हिरवळीवर चेंडू किंचित चुकीच्या जागी ठेवला होता. टीव्हीवर ते पाहून एका प्रेक्षकाने ईमेल केला. दुसऱ्या दिवशी खेळ चालू असताना तिला चार फटक्यांचा दंड झाला आणि तिची स्पर्धा गेली. २०१८ पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणे बंद झाले. सगळ्यांचे डोळे लागले म्हणून खेळ अधिक प्रामाणिक होतो असे नाही, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केले असे मी समजतो.

आमचा विटीदांडू मात्र कोणी लिहून काढला नाही. खोखोचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले आणि तो खेळ देशभर गेला. विटीदांडू गावोगाव निराळा राहिला आणि आता बांध्यांतून जवळजवळ गेलाच. त्याबरोबर एक न्यायपद्धतीही गेली. आमच्यात मारणारा आपले अंतर स्वतः मागायचा. “वीस दांडू,” असे म्हणायचा. समोरच्यांना मान्य असेल तर डाव पुढे. नसेल तर मोजायचे, आणि मागितल्यापेक्षा कमी भरले तर मारणारा बाद. म्हणजे दावा करणाऱ्याने स्वतःला पणाला लावायचे. गोल्फच्या सहीत आणि या मागण्यात मला फरक दिसत नाही.

आता तो हिशेब. दिवाळीनंतरचा दिवस होता. माझ्या मित्राने टोला मारला आणि विटी धुऱ्याच्या पलीकडे गेली. मी समोरच्या बाजूचा भिडू; सर्वांत आधी धुऱ्यावर मीच पोचलो. विटी खुराच्या ठशाशेजारी पडली होती. मागे कोणी नव्हते. मी ती पायाने हातभर गलीकडे सरकवली आणि ओरडलो, “इथे आहे!” मित्राने वीस मागितले. त्याची नजर पक्की होती. मोजले तर एकोणीस भरले आणि चिमूटभर वर. तो म्हणाला, हे होऊच शकत नाही. सगळे त्याला रड्या म्हणाले, मीही म्हणालो. तो दांडू टाकून घरी गेला आणि त्या हंगामात परत खेळायला आला नाही.

गोल्फचे नियम वाचताना मी या प्रसंगाला कलम शोधत राहिलो. चेंडू कोणी जाणूनबुजून हलवला तर तो मूळ जागी परत ठेवायचा, हे कलम आहे. ठेवणे चुकले असेल आणि पुढचा फटका अजून मारला नसेल तर चूक सुधारता येते, हेही कलम आहे. फटका मारून गेल्यावरची वाट मात्र लहान आहे. तो मित्र आता गावातच शेती करतो. यंदा मंडईला गेलो तेव्हा त्याच्या ओट्यावर बसून मी त्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मले मालूम होतं. वीसच होते.” आणि चहा सांगायला आत गेला.